नवा सेट टाकला तरी ई-ची तार मेलेलीच? बेसच्या तारा निवडताना आणि चढवताना नेमकं कुठे चुकतं

तक्रार नेहमी एकच असते. बेस गिटारच्या चारही तारा नव्याकोऱ्या. जी, डी आणि ए खणखणीत बोलतात, आणि सगळ्यात जाड ई मात्र पहिल्या दिवसापासून ढप्प. मोकळी छेडली तर आवाज उठतो न उठतो तोच बसतो. ट्यूनरचा काटा एका जागी ठरत नाही. माणूस वैतागून दुसरा सेट आणतो, पुन्हा तेच. मग कंपनी बदलतो, गेज म्हणजे तारेची जाडी बदलतो, आणि तिसऱ्या सेटलाही ई मरते. गणपती-नवरात्रीचे कार्यक्रम जवळ आले की दरवर्षी तीन-चार मुलं हेच गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे येतात. बेसचा सेट साध्या गिटारच्या सेटइतका स्वस्त नसतो, त्यामुळे चुकलेला प्रत्येक सेट खिशाला लागतो. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

मी दिवसा नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला असतो आणि गेली बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. इतक्या वर्षांत ज्या मेलेल्या तारा माझ्या हातात आल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त तारांत कारखान्याचा दोष नव्हता. एक तर ती तार त्या वाद्याच्या मापाची नव्हती, किंवा चढवताना तिचा जीव गेला होता. तार निवडायची ती आपल्या वाद्यावर टेप लावून. दुकानात जायचं ते फक्त आणायला.

आधी तार खरंच मेली आहे का ते बघा

अँप लावू नका. बेस मांडीवर घ्या आणि बॉडीच्या वरच्या शिंगाला कान टेकवा. आता मोकळी ई छेडा. चांगली तार पहिल्या ठोक्यानंतर एकसंध वाजत राहते आणि सावकाश विरते. मेलेल्या तारेत ठोका तेवढा मोठा असतो आणि मागे काहीच उरत नाही, किंवा सूर लाटेसारखा वरखाली होत राहतो. मग बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक काढा. तो स्वच्छ घंटीसारखा निघाला तर तार जिवंत आहे, दोष दुसरीकडे शोधा. हार्मोनिक फाटका निघाला, किंवा ट्यूनरवर मोकळी तार एक दाखवते आणि हार्मोनिक दुसरंच, तर त्या तारेचं वजन तिच्या पूर्ण लांबीवर सारखं राहिलेलं नाही.

इथे दोन गोष्टी तारेच्या माथी उगाच मारल्या जातात. पहिली म्हणजे पिकअप, तारांखालचा चुंबकी भाग, जो तारेचं कंपन अँपकडे पाठवतो. ई-च्या बाजूचा पिकअप फार वर चढवलेला असेल तर त्यातलं चुंबक तारेला ओढतं आणि तिचं डोलणं बिघडवतं. सूर थरथरतो आणि नवी तारही बेसुरी वाटते. शेवटचा पडदा दाबून ई-ची तार आणि पिकअप यांच्यात साधारण ३ मिलिमीटर अंतर आहे का बघा. कमी असेल तर स्क्रू फिरवून पिकअप खाली घ्या आणि पुन्हा कान लावा. फुकटात काम होतं.

दुसरी म्हणजे नेकमधली, म्हणजे बेसच्या मानेतली, मेलेली जागा. बऱ्याच बेसवर जी-च्या तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादाच सूर असा असतो, की तो बाकीच्यांच्या अर्ध्या वेळात विझतो. तिथे नेकचं लाकूड स्वतःच त्या कंपनाला हलतं आणि तारेची ताकद खाऊन टाकतं. कुठलाही सेट टाका, तो सूर तसाच राहणार. एकाच जागी, एकच सूर मरत असेल तर तारांवर पैसे घालू नका.

हे दोन्ही नसेल, आणि ई मोकळी असतानाही मेलेली असेल, तर आता तार खोलायची.

मोड आधी की पक्कड आधी

जूनमध्ये इंदिरानगरचा एक मुलगा आला. चार महिन्यांत त्याचा तिसरा सेट होता. ‘काका, तिन्ही कंपन्या कशा खराब निघतील?’ असं म्हणत त्यानं केस उघडली. प्रश्न बरोबर होता. मी ई-ची किल्ली सैल करत नेली, खुंटीवरचे फेरे उलगडले आणि तारेचं टोक ट्यूबलाइटखाली धरलं. बाहेरची वेढ्याची तार गाभ्यावरून सुटून मागे सरकली होती आणि पुढे तीन-चार मिलिमीटर नुसता गोल गाभा चमकत होता. नखानं वेढा ढकलला तर तो गाभ्यावर चक्क फिरला.

‘ही कापलीस कधी? खुंटीत घालायच्या आधी की नंतर?’

‘आधीच, काका. केवढी लांब होती. आत जातच नव्हती ती.’

तिन्ही वेळा त्यानं हेच केलं होतं. तार सरळ धरायची, अंदाजे माप घ्यायचं, पक्कड चालवायची आणि मग उरलेलं टोक खुंटीत घालायचं.

हे का बिघडतं ते समजून घ्या. राउंडवाउंड तार म्हणजे मधे पोलादी गाभा आणि त्यावर घट्ट गुंडाळलेली बारीक तार. ई-सारख्या जाड तारेत असे एकावर एक थर असतात. कारखान्यात हे वेढे ताणून घातलेले असतात आणि दोन्ही टोकांना ते जखडलेले असतात म्हणूनच गाभ्याला चिकटून राहतात. सरळ तार कापली की एक टोक मोकळं होतं आणि भोवऱ्याची जाळी सुटावी तसा तो ताण सैल पडतो. ही सैलावणी टोकाशी थांबत नाही, वेढ्यावेढ्यातून थेट नटच्या (नेकच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीच्या) अलीकडे, वाजणाऱ्या भागात शिरते. मग गाभा एका तालात हलतो आणि वेढे दुसऱ्या. आवाज बसतो तो तिथे. सहाकोनी गाभ्याच्या तारेत गाभ्याच्या कडा वेढ्यांना थोडं तरी धरून ठेवतात. गोल गाभ्याला पकडायला कडाच नाहीत, तिथे नुकसान जवळपास ठरलेलं.

आणि दर वेळी ई-च का? ज्या बेसच्या हेडस्टॉकवर चारही किल्ल्या एका रांगेत असतात, त्यावर ई-ची खुंटी नटच्या सगळ्यात जवळ असते आणि जी-ची सगळ्यात लांब. पाकिटातल्या चारही तारा मात्र साधारण सारख्या लांबीच्या येतात. त्यामुळे जी-ची तार फारशी कापावी लागत नाही, कधी कापावीच लागत नाही, आणि ई-ची भरपूर कापावी लागते. म्हणजे पक्कड सगळ्यात जास्त चालते ती सगळ्यात जाड, सगळ्यात जास्त थरांच्या तारेवर.

योग्य पद्धत अशी. बॉल एंड, म्हणजे तारेच्या टोकाची गुंडी, बॉडीवरच्या ब्रिजमध्ये बसवा, तार सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) आणि नटवरून नेऊन खुंटीशी हातानं ताणून धरा. खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटीमीटर मोजा. तिथे पक्कडीनं तारेला काटकोनात कडक मोड द्या. गोलसर वाकवणं नको, स्पष्ट कोपरा दिसला पाहिजे. हा मोडच आता वेढ्यांना जखडून ठेवतो. त्यानंतर मोडाच्या पुढे साधारण एक सेंटीमीटर ठेवून कापा, ते टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली सरळ घाला, मोड खाचेत बसवा आणि फिरवायला लागा. दोन ते तीन फेरे, प्रत्येक फेरा आधीच्या खाली. फेरे खाली उतरत गेले की तार नटवर नीट दाबून बसते. सगळा खेळ क्रमाचा आहे: मोड आधी, पक्कड नंतर.

फिरवताना दुसरी चूक होते ती पिळाची. किल्ली फिरवताना तार बोटांत घट्ट आवळून धरली की ती स्वतःभोवती पिळली जाते आणि तो पीळ तसाच ताणाखाली अडकतो. असा पीळ पडलेली तार मात्र पुष्कळदा वाचते. पूर्ण सैल करा, बॉल एंड ब्रिजमधून बाहेर काढून लोंबता सोडा, तार आपोआप उलटी फिरून मोकळी होईल. मग परत चढवा. वेढेच सुटले असतील तर मात्र ती तार गेली म्हणून समजा.

लांबी

पाकिटावर ‘लाँग स्केल’ लिहिलेलं असतं आणि आपला बेस ३४ इंची, म्हणजे ८६.४ सेंटीमीटर स्केलचा असतो, म्हणून आपण निर्धास्त. पण हे ३४ इंच म्हणजे नट ते सॅडल. तारेचा बॉल एंड सॅडलच्या मागे बसतो, आणि तार बॉडीच्या आरपार जात असेल तर आणखी मागे, खालच्या बाजूला. माझ्या बेसवर बॉल एंडच्या जागेपासून नटपर्यंत ९० सेंटीमीटर भरतात. तीच तार बॉडीतून घातली की ९३. तारेचा पूर्ण जाडीचा भाग या मापापेक्षा जास्त हवा. कमी पडला तर तार निमुळती होत जाते तो भाग, किंवा टोकाला गुंडाळलेला रंगीत रेशमी धागा, नटवर येऊन बसतो आणि मोकळी तार दबकी वाजते. आरपार बॉडीच्या बेसवर मी हे अनेकदा पाहिलंय, आणि लोक तिथेही ‘तार मेली’ असंच म्हणतात.

उलट चूक ३० इंची, म्हणजे शॉर्ट स्केल बेसवर होते. शिकाऊ मुलांकडे हे बेस बरेच असतात. त्यावर लाँग स्केलचा सेट चढवला तर निमुळता भाग खुंटीच्या पलीकडे राहतो आणि पूर्ण जाडीची ई बारक्या खुंटीभोवती गुंडाळावी लागते. ती तिथे नीट वळत नाही, वेढे फाकतात, गाभ्याला चीर पडते. तार तिथेच तुटते, नाहीतर सूर धरत नाही.

तेव्हा सेट मागवायच्या आधी शिंप्याकडची टेप घ्या. बॉल एंड जिथे टेकतो तिथून नटपर्यंत आणि तिथून पुढे खुंटीपर्यंत, चारही तारांची दोन-दोन मापं कागदावर लिहा. दुकानदाराला हीच मापं सांगा.

गेज

गेज म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. सगळ्यात जास्त चालणारे सेट म्हणजे ४५-६५-८५-१०५ आणि त्याहून जरा हलका ४५-६५-८०-१००. तुमच्या बेसवर आधी काय होतं हेच माहीत नसेल, आणि सेकंडहँड बेसवर ते कुणालाच माहीत नसतं, तर जुनी तार फेकू नका, मोजा. ४५ म्हणजे १.१४ मिलिमीटर, ६५ म्हणजे १.६५, ८५ म्हणजे २.१६, १०० म्हणजे २.५४ आणि १०५ म्हणजे २.६७. घरी मायक्रोमीटर नसेल तर सातपूर-अंबडमध्ये कामाला असलेला ओळखीचा माणूस नाशकात प्रत्येकाला असतोच. डिजिटल व्हर्नियरही चालतो. फक्त जबडा दाबू नका, वेढे चेपतात आणि माप खोटं येतं. हलकेच टेकवा, तीन ठिकाणी मोजा. १०० आणि १०५ यांत फरक केवळ ०.१३ मिलिमीटरचा आहे, घाईत तो हातातून निसटतो.

एवढ्याशा फरकानं काय होतं? त्याच लांबीवर तोच सूर मिळवायचा असेल तर ताण तारेच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, आणि वजन ढोबळमानानं जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. १०० वरून १०५ वर गेलात की त्या एका तारेचा ताण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. चारही तारांचा मिळून ओढा सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो. तो बदलला की नेक हलणारच. हलका सेट टाकला तर नेक सरळ होते, मागेही झुकते, आणि पहिल्या चार-पाच पडद्यांवर तार खरखरते. जड सेट टाकला तर नेक पुढे ओढली जाते, तारा मधल्या भागात उंच होतात आणि बोटं दुखायला लागतात. यातलं काहीच तारेचं दुखणं नाही. ट्रस रॉडचं, म्हणजे नेकच्या आत बसवलेल्या सळईचं, काम आहे.

ट्रस रॉडला हात लावायचा असेल तर आधी मोजा. पहिला आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांच्यातली फट बघा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. फट वाढवायची तर रॉड सैल, कमी करायची तर आवळायचा. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही, मग तारा सुरात आणून थोडं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. किल्ली जड लागत असेल तर तिथेच थांबा आणि जाणत्या माणसाकडे न्या. ही गोष्ट मी कळकळीनं सांगतो, कारण रॉड तुटला की नेक जाते.

नटच्या खाचाही बघा. १०५ साठी पाडलेल्या खाचेत १०० ची ई सैल बसते आणि कधी कधी कुणकुणते. १०० च्या खाचेत ११० घातली तर ती वरच अडकून बसते. मग पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर सूर चढा येतो आणि सुरात आणताना नटवर टक्‌टक् ऐकू येते. म्हणून माझा सल्ला असा: बेस नीट चालत असेल तर आहे त्याच गेजचा सेट आणा. गेज बदलायचाच असेल तर प्रकार बदलू नका, आणि प्रकार बदलायचा असेल तर गेज तोच ठेवा. दोन्ही एकदम बदललं की नंतर बिघाड कशानं झाला ते सापडत नाही.

गेज बदलायला खरी कारणं दोन-तीनच. शॉर्ट स्केलवर तोच गेज आणि तोच सूर ठेवला तर ताण सुमारे २२ टक्के कमी पडतो, म्हणून तिथे ई हाताला लुळी वाटते. थोडा जाड सेट घ्या. ई उतरवून डी करून वाजवत असाल, तर त्या तारेचा ताण वीस टक्क्यांनी उतरतो. तिथे १०५ ऐवजी ११० बरी. आणि पाच तारांच्या बेसवर खालची बी १२५ पेक्षा बारीक घेऊ नका, १३० असेल तर उत्तम. ती तार सेकंदाला जेमतेम ३१ कंपनांवर वाजते, बारीक तार त्या सुरावर नुसती लोंबते.

राउंड, फ्लॅट आणि बाकीच्या

१९५१ साली पहिला फेंडर प्रिसिजन बेस आला तेव्हा त्यावर फ्लॅटवाउंड तारा असायच्या, म्हणजे गाभ्यावर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेल्या. आवाज गोल, जाड, वरची धार नाही. राउंडवाउंडची चमक १९६६ च्या सुमारास रोटोसाउंड या तारांच्या कंपनीनं लोकप्रिय केली, ‘द हू’ या रॉक बँडचा बेसवादक जॉन एंटविसल याला हव्या होत्या तशा तारा बनवून. दुसऱ्या बाजूला मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन, तो जाड फ्लॅटवाउंड तारा वर्षानुवर्षं बदलत नसे.

आपल्याकडे जुनी भावगीतं, जुनी चित्रपटगीतं, भक्तिगीतं जास्त वाजवत असाल तर एकदा फ्लॅटवाउंड लावून बघाच. पेटी आणि तबल्याच्या खाली तो आवाज असा बसतो की गाणाऱ्याला आधार मिळतो. शिवाय वेढ्यांत फटी नसल्यानं घाम-मळ आत शिरत नाही. माझ्या दुसऱ्या बेसवरच्या फ्लॅट चार वर्षं झाल्या आणि मला बदलाव्याशा वाटत नाहीत. ज्यांची राउंडवाउंड दर दोन महिन्यांनी मरते आणि ज्यांना स्लॅप, म्हणजे अंगठ्यानं तार ठोकून, वाजवायचं नसतं, त्यांच्या दुखण्यावर हेच औषध आहे. फ्लॅट तारांचा ताण बहुधा जास्त असतो, तेव्हा नेक मोजायला विसरू नका.

मिरवणुकीत किंवा मोकळ्या मैदानावर, शेजारी नाशिक ढोल चालू असताना, गोष्ट वेगळी. बेसचा खालचा भाग त्या ढोलात बुडून जातो, ऐकू येते ती फक्त वरची धार. तिथे स्टेनलेस स्टीलच्या राउंडवाउंड कामाला येतात. त्या घामालाही चांगल्या टिकतात, पण पडदे लवकर झिजवतात. निकेल चढवलेल्या पोलादी तारा या दोन्हींच्या मधे, आणि बहुतेकांना त्याच पुरतात.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका: अकूस्टिक बेसचा ब्राँझचा सेट इलेक्ट्रिक बेसवर. स्वस्त मिळाला म्हणून एकानं लावला होता. चुंबकी पिकअपला ब्राँझचे वेढे दिसतच नाहीत, फक्त आतला पोलादी गाभा दिसतो. आवाज अर्ध्यावर येतो आणि माणूस अँप दुरुस्तीला टाकतो.

तार तंबोऱ्याची आणि तार बेसची

नवी तार चढवली, मोडही नीट दिला, तरी ई जरा झिणझिणते आणि बाराव्या पडद्यावर सूर जुळत नाही. इथे मला नेहमी तंबोरा आठवतो. तंबोऱ्याच्या रुंद घोडीवर तार हलकी घासत निघते, खाली दोरा सरकवून आपण ती जागा शोधतो, आणि त्यातून जवारी येते. बेसच्या सॅडलवर नेमकं उलटं हवं. जाड ई कडक असते, ती सॅडलवरून आणि नटवरून कमान टाकून पुढे जाते, एका बिंदूवरून सुटत नाही. मग बेसला नको असलेली जवारी लागते आणि तारेची खरी लांबी किती हेच ठरत नाही.

उपाय साधा. तार सुरात आणल्यावर सॅडलच्या अगदी पुढे, पिकअपच्या बाजूला, अंगठ्यानं तार खाली दाबा, तसंच नटच्या पुढे दाबा. फार जोर नको. कमान मोडते, तार बसते, सूर थोडा उतरतो, परत चढवा. त्यानंतरच इंटोनेशन बघा: बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. सॅडल पार मागे टेकलं तरी ई चढीच राहत असेल, तर एक तर कमान बसलेली नाही किंवा ती तार सुरुवातीपासूनच असमान आहे. ती परत करायला हरकत नाही.

पाऊस, घाम आणि थंडी

तार चांगली होती, दीड-दोन महिन्यांत मेली, अशी तक्रार असेल तर ती मळानं मेली. जुलै-ऑगस्टमध्ये मंडपात वाजवून आलात आणि ओल्या हाताच्या तारा तशाच केसमध्ये बंद केल्यात, तर वेढ्यांच्या फटीत घाम, त्वचेचा मळ आणि गंज साचतो. तारेचं वजन जागोजागी बदलतं, आणि पुन्हा तेच, सूर लाटा मारतो. वाजवून झालं की जुन्या सुती धोतराचा तुकडा घ्या, तार वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी पुसा. लोक वरूनच पुसतात. केस घरी आल्यावर थोडा वेळ उघडी ठेवा.

तारा उकळायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. ती चालते, पण मळ निघतो एवढंच, गंज आणि थकवा जात नाही. आठ-दहा दिवस चमक येते. उकळल्यावर नीट वाळवल्या नाहीत तर आतून गंजतात. शिवाय एकदा कापून मोडलेली तार काढून परत चढवताना मोडापाशी तुटायची भीती. कार्यक्रम परवा आहे आणि सेट मिळत नाही, एवढ्याच वेळी हे करा. फ्लॅट किंवा नायलॉन गुंडाळलेल्या तारा उकळत्या पाण्यात घालूच नका.

थंडीत वेगळीच गंमत होते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली जातो, हवा कोरडी पडते, नेकचं लाकूड ओल सोडतं आणि नेक जराशी सरळ होते. पावसाळ्यात गुपचूप असलेली ई अचानक पहिल्या पडद्यांवर खरखरायला लागते. मुलं लगेच नवा सेट आणतात. आधी फट मोजा. गंगापूर रोडला डोंगरे मैदानासारख्या उघड्या जागी रात्री कार्यक्रम असेल तर बेस वीस मिनिटं आधी स्टेजवर काढून ठेवा आणि मग सुरात आणा. गाडीतून काढून लगेच लावलेला सूर पहिल्या गाण्यातच हलतो.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्याच्या तिसऱ्या सेटच्या बाकी तीन तारा धडधाकट होत्या, त्या तशाच ठेवल्या. पूर्ण सेट न घेता त्याच प्रकारची सुटी ई मागवली. सुट्या तारा मिळतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आली त्या दिवशी मोजली, २.६६ भरली. मी काही हात लावला नाही. त्यानंच टेप धरली, खुंटीच्या पुढे अकरा सेंटीमीटरवर मोड दिला, मला दाखवला, मग कापली. सुरात आणल्यावर वरच्या शिंगाला कान लावून तो मोकळी ई ऐकत बसला, आणि ती विरेपर्यंत त्यानं दुसऱ्यांदा छेडली नाही. त्याच्या केसमध्ये आता एक कागद चिकटवलाय: ४५-६५-८५-१०५, निकेल, बॉल एंड ते नट ९० सेंटीमीटर, आणि खाली तार बदलल्याची तारीख.